३६० केबीच्या पलीकडे: एक्सटीवर मोठ्या फ्लॉपीच्या नोंदी

४ मे

यंत्र आहे ८०८८ प्रोसेसरवर चालणारा एक्सटी-क्लोन, म्हणजे आयबीएमच्या पीसी/एक्सटीची नक्कल. ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, ५.२५ इंचाचे दोन ३६० केबी ड्राइव्ह, एमएस-डॉस ३.३. हार्ड डिस्क नाही आणि बसवायचीही नाही. ती बसवली की सगळे प्रश्न एका झटक्यात सुटतात आणि करण्यासारखं काही उरत नाही. मला फ्लॉपीवरूनच काम करायचंय, फक्त डिस्क काढा-घाला करण्याचा जाच नको.

हा जाच कुठून येतो ते आधी लिहून ठेवतो. ४० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला ९ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट: एकूण ३,६८,६४० बाइट. बूट सेक्टर (यंत्र सुरू होताना वाचला जाणारा पहिला), फॅट (कुठल्या फाइलीने कुठली जागा घेतलीय याची नोंदवही) आणि रूट डिरेक्टरी (फाइलींच्या नावांची मुख्य यादी) वजा जाता फाइलींसाठी उरतात ३,६२,४९६. त्यात डॉसच्या सिस्टिम फाइली, कमांड.कॉम आणि वर्डस्टार ३.३ हा लेखनाचा प्रोग्राम त्याच्या दोन ओव्हरले (लागेल तेव्हाच मेमरीत येणाऱ्या) फाइलींसकट बसवला की मजकुराला उरलेली जागा पुरेशी वाटते. ती पुरत नाही. वर्डस्टार सेव्ह करताना आधी नवी प्रत तात्पुरत्या फाइलीत लिहितो, मग जुनी बॅक-अप प्रत उडवतो, मग नावं बदलतो. म्हणजे सेव्ह चालू असताना एकाच मजकुराच्या तीन प्रती डिस्कवर असतात. शंभर केबीचा मजकूर म्हणजे तीनशे केबीची गरज. ‘डिस्क भरली’ हा संदेश येतो तेव्हा डिस्क वरवर पाहता अर्धी रिकामी असते, ती यामुळे.

दुसरा त्रास कमांड.कॉमचा, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणाऱ्या डॉसच्या प्रोग्रामचा. त्याचा एक भाग मेमरीच्या वरच्या टोकाला असतो आणि मोठा प्रोग्राम त्याच्यावर बिनदिक्कत बसतो. प्रोग्राममधून बाहेर पडलं की डॉसला ती फाइल पुन्हा वाचावी लागते. ए ड्राइव्हमध्ये त्या वेळी दुसरीच डिस्क असेल तर ‘कमांड.कॉम असलेली डिस्क घाला आणि कुठलीही कळ दाबा’. हे वाक्य ज्याने शंभरदा वाचलंय त्याला मोठी फ्लॉपी कशाला हवी हे सांगावं लागत नाही.

बेत असा: आधी ए ड्राइव्हच्या जागी ३.५ इंची ड्राइव्ह लावून ७२० केबी. ते जमलं तर १.४४ एमबी. त्यानंतर डॉसशिवाय थेट स्वतः बूट होणारे जुने प्रोग्राम. खरी डोकेदुखी तिथे असणार.

७ मे

ड्राइव्ह बसला. जुन्या रिबन केबलला ५.२५ च्या ड्राइव्हसाठी पट्टीचं कनेक्टर असतं, ३.५ ला पिनांचं. दोन्ही तऱ्हेची कनेक्टर असलेली केबल घेतली की अडॅप्टरची भानगड राहत नाही. १० ते १६ क्रमांकाच्या तारांना पीळ दिलेला आहे. पिळाच्या पलीकडचं टोक म्हणजे ए, अलीकडचं म्हणजे बी. दोन्ही ड्राइव्हवरची निवड एकच ठेवायची, बाकीचं पीळ पाहून घेतो.

ड्राइव्ह चालवणारं कंट्रोलर कार्ड जुनंच, त्यावरची चिप एनईसी ७६५ घराण्यातली. या कार्डाचा वेग सेकंदाला २५० किलोबिटला कायमचा बांधलेला आहे. ७२० केबीला तेवढाच वेग लागतो, त्यामुळे कार्डाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. ट्रॅक किती आहेत याची चिपला पर्वा नसते. ती स्टेप पल्स सोडते, हेड किती आत जाईल हे ड्राइव्हच्या यंत्रणेवर. ४० ऐवजी ८० ट्रॅक, पण दर ट्रॅकला सेक्टर तेच ९.

बूटही झालं, आणि पहिल्याच झटक्यात. दुसऱ्या यंत्रावर बनवलेली ७२० केबीची बूट डिस्क घातली, डॉस आला. याचं कारण साधं आहे. बायोसला (यंत्राच्या रॉममध्ये कायमचा असलेला सुरुवातीचा प्रोग्राम) फक्त पहिल्या ट्रॅकचा पहिला सेक्टर उचलून ७सी०० या पत्त्यावर टाकता येतो. पुढचं सगळं त्या सेक्टरातला कोड करतो, आणि त्याच सेक्टरात डिस्कचं मोजमाप लिहिलेलं असतं: किती सेक्टर, किती हेड, फॅट किती लांब. ट्रॅकला ९ सेक्टर हे गणित दोन्हीकडे सारखं असल्यामुळे बायोसच्या टेबलालाही हात लावावा लागत नाही.

८ मे

फॉरमॅट मात्र अडून बसला. कोरी डिस्क घालून फॉरमॅट चालवला तर ४० व्या ट्रॅकनंतर काम संपवून एकूण जागा ३,६२,४९६ दाखवतो. एक्सटीच्या बायोसला ‘हा ड्राइव्ह कुठल्या जातीचा?’ असं विचारायची सोयच नाही, म्हणून डॉस आपला ३६० धरून चालतो.

डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग.सिसमध्ये एक ओळ:

ड्राइव्हपार्म=/डी:० /एफ:२

पुन्हा बूट, पुन्हा फॉरमॅट. आता ७,३०,११२ बाइट. ही सोय एमएस-डॉस ३.२ पासून आहे. १९८६ ची ती आवृत्ती ७२० केबीच्या ड्राइव्हसाठीच ओळखली जाते. तोशिबाच्या टी११०० ने त्याआधीच, १९८५ मध्ये, ३.५ इंची ७२० केबीचा ड्राइव्ह डॉस २.११ च्या खास आवृत्तीवर चालवला होता. तेव्हा डॉस २ ला हे अजिबात जमत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. ज्या कंपनीने आपल्या यंत्रासाठी त्याला शिकवलं तिच्या यंत्रावर जमलं.

९ मे

एक विचित्र प्रकार दिसला. डॉसच्या डिबग या तपासणीच्या प्रोग्राममधून मुद्दाम ७९ व्या ट्रॅकवरचा सेक्टर वाचला आणि लगेच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. बूट होताना ड्राइव्ह एकदा कण्हला, थांबला, मग दुसऱ्या खेपेला नीट सुरू झाला. पहिल्या ट्रॅकजवळ हेड असताना तेच केलं तर असं होत नाही.

कारण ७६५ च्या माहितीपुस्तिकेत आहे. ‘शून्य ट्रॅकवर परत ये’ या आज्ञेला ही चिप जास्तीत जास्त ७७ स्टेप पल्स सोडते. तेवढ्यात शून्याची खूण दिसली नाही तर चूक नोंदवते आणि थांबते. ८ इंची फ्लॉपीला ७७ ट्रॅक असत, त्या काळचा हा आकडा. हेड ७८ किंवा ७९ वर असेल तर ७७ पावलांत शून्य गाठता येत नाही. बायोस याला सीक एरर म्हणतो. सुदैवाने बूट करणारा भाग कंट्रोलर रीसेट करून पुन्हा प्रयत्न करतो. तोवर हेड शून्यापासून एक-दोन पावलांवर आलेलं असतं, त्यामुळे दुसरी आज्ञा लगेच फळते.

म्हणजे बिघाड काही नाही. पण एखादा प्रोग्राम स्वतःच चिपशी बोलत असेल आणि पुन्हा प्रयत्न करायच्या फंदात पडत नसेल, तर तो इथे मरणार. हे लक्षात ठेवायचं.

१२ मे

कामाची डिस्क लावली: डॉस, वर्डस्टार, टर्बो पास्कल ३ आणि मजकुराला ऐसपैस जागा. टर्बो पास्कलची मुख्य फाइल ३९,७३१ बाइटांची. एडिटर, कंपायलर आणि रनटाइम लायब्ररी सगळं त्यात. आजच्या एखाद्या बटणाचं चित्रही याहून मोठं असतं. सुरू करताना तो ‘चुकांचे संदेश मेमरीत घेऊ का?’ असं विचारतो. मेमरीच्या टंचाईच्या काळातला प्रश्न. पूर्वी मी न चुकता नको म्हणायचो, कारण संदेशांची फाइल जागा वाचवायला दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली असायची. आता हो म्हणतो.

जागा मिळाल्यावर दुसरीच मर्यादा पुढे आली. ७२० केबीच्या रूट डिरेक्टरीत ११२ नोंदी मावतात, ३६० केबीत मावतात तेवढ्याच. जागा दुप्पट, नोंदी जैसे थे. उपडिरेक्टरी हा उपाय. पण वर्डस्टार ३.३ ला पाथ ही गोष्टच ठाऊक नाही, तो डॉस १ च्या पद्धतीने फाइली उघडतो. डॉसच्या सबस्ट या आज्ञेने वाट काढली. मजकुराच्या उपडिरेक्टरीला ई हे ड्राइव्हचं नाव दिलं, वर्डस्टारला आपण वेगळ्या ड्राइव्हवर आहोत असं वाटतं आणि ओव्हरले फाइली तो ए वर शोधून घेतो. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये दोन ओळी, विषय संपला.

१३ मे

डिस्कबद्दल. ३.५ इंची डबल डेन्सिटी फ्लॉप्या आता दुर्मीळ झाल्यात, हाय डेन्सिटीच्या त्या मानाने सापडतात. हाय डेन्सिटीच्या डिस्कला कोपऱ्यात जास्तीचं भोक असतं. ते पाहून ड्राइव्ह लिहिण्याचा करंट बदलतो, पण माझा कंट्रोलर २५० किलोबिटनेच लिहिणार. अशी डिस्क या यंत्रात फॉरमॅट होते, वाचतेही, आणि दुसऱ्या यंत्रात गेली की न वाचण्याजोगी ठरते, कारण तिथला ड्राइव्ह भोक पाहून १.४४ ची अपेक्षा धरतो. भोकावर चिकटपट्टी लावली की दोघांचं एकमत होतं. ३.५ इंचीत दोन्ही प्रकारच्या चुंबकीय थरांत फरक थोडा, म्हणून हे चालून जातं. ५.२५ मध्ये हा खेळ करू नये. तिथे एकाचा थर ३०० ओर्स्टेडचा (चुंबकीय ताकदीचं माप), दुसऱ्याचा ६०० चा. आज लिहिलेलं उद्या वाचता येईल याची खात्री नाही.

२० मे

१.४४ कडे. जुना कंट्रोलर इथे निरुपयोगी, कारण सेकंदाला ५०० किलोबिट लागतात. हाय डेन्सिटी कार्ड घेतलं, त्यावर स्वतःचा बायोस रॉम आहे. यंत्र सुरू होताना मुख्य बायोस सी८००० पासून पुढे २ केबीच्या टप्प्यांनी मेमरी चाळतो. ५५ एए ही खूण सापडली आणि बेरीज जुळली की त्या रॉमला बोलावतो. रॉम इंटरप्ट १३ (प्रोग्रामांच्या डिस्कच्या मागण्या बायोसकडे जातात ती वाट) आपल्याकडे वळवून घेतो. आयबीएम पीसीच्या अगदी पहिल्या बायोसना ही चाळणी येत नव्हती, २७ ऑक्टोबर १९८२ च्या बायोसपासून ती आली. जुना पीसी असणाऱ्याने कार्ड घेण्याआधी बायोसची तारीख पाहावी.

४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्राला हा वेग झेपतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. झेपतो. दर १६ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो आणि तो प्रोसेसर उचलत नाही, डीएमएचा (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणारी यंत्रणा) २ क्रमांकाचा चॅनेल उचलतो. ट्रॅक २०० मिलिसेकंदांत एक फेरी करतो. ९ सेक्टरांच्या ट्रॅकवरून सेकंदाला जास्तीत जास्त २३,०४० बाइट निघतात, १८ च्या ट्रॅकवरून ४६,०८०. टर्बो पास्कलच्या फाइलीला नुसत्या फिरण्याचा वेळ कागदावर १.७ सेकंदांवरून ०.९ वर येतो. प्रत्यक्षात हेडची हालचाल आणि फॅटचं वाचन त्यात मिसळतं, तरी फरक कानाला कळतो: खडखड कमी.

आतली मांडणीही बदलते. इथे एका सेक्टरचा क्लस्टर (फाइलीला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा) आहे, ७२० मध्ये दोन सेक्टरांचा होता. क्लस्टर ७१३ वरून २,८४७ झाले, फॅट ९ सेक्टरांची झाली, रूट डिरेक्टरीत २२४ नोंदी आल्या. लहान लहान फाइली ठेवणाऱ्याला फायदा, फॅट वारंवार वाचावी लागते हा तोटा. बफर्स (वाचलेले सेक्टर मेमरीत ठेवायची डॉसची जागा) वाढवून तो बराचसा भरून निघतो.

जाता जाता: १.४४ एमबी हे माप दशमानही नाही आणि द्विमानही नाही. १४,७४,५६० बाइट म्हणजे १,४४० केबी, आणि त्या केबीला १,००० ने भागून एमबी म्हटलंय. १९८७ मध्ये आयबीएमची पीएस/२ यंत्रं आणि डॉस ३.३ यांच्याबरोबर ते रूढ झालं आणि नंतर कुणी दुरुस्त केलं नाही.

२४ मे

डॉसची कामं सुखरूप चालतात म्हटल्यावर मूळ हौसेकडे: डॉसशिवाय बूट होणारे प्रोग्राम. अनेक जुने खेळ, काही शैक्षणिक प्रोग्राम असेच येत. डिस्क घाला, यंत्र सुरू करा. त्यांच्या लेखी फाइल ही वस्तूच नाही. ‘१२ वा ट्रॅक, हेड १, सेक्टर ४ पासून ६ सेक्टर आण’ असं ते बायोसला सांगतात, आणि ते आकडे कोडात कोरलेले असतात.

३६० केबीची इमेज (डिस्कची सेक्टरागणिक हुबेहूब प्रत) १.४४ च्या डिस्कवर सरळ सुरुवातीपासून लिहिली तर काय होतं? पहिला सेक्टर जागेवर, म्हणून बूट सुरू होतं. पडद्यावर एखादी ओळ येते आणि यंत्र गप्प. दहावा सेक्टर मूळ डिस्कवर हेड १ च्या पहिल्या जागी होता, इथे तो हेड ० च्या दहाव्या जागी गेलाय. भाडेकरू तेच, पण इमारतीत मजल्याला नऊऐवजी अठरा खोल्या झाल्या आणि टपाल जुन्याच पत्त्यावर येतंय. तेव्हा भाडेकरूंना जुन्याच मजल्यावर, जुन्याच क्रमांकाच्या खोलीत ठेवायचं आणि पुढच्या नऊ खोल्या रिकाम्या सोडायच्या.

गणित इतकंच. जुन्या इमेजमधला न क्रमांकाचा सेक्टर (मोजणी शून्यापासून) घ्या. न ला ९ ने भागा: भागाकार म्हणजे ट्रॅकच्या बाजूचा क्रमांक, बाकी म्हणजे त्या बाजूवरची जागा. नव्या इमेजमध्ये त्याचं स्थान: बाजूचा क्रमांक गुणिले १८, अधिक बाकी, त्या सगळ्याला ५१२ ने गुणा. ३२० केबीच्या ८ सेक्टरी डिस्कला ९ ऐवजी ८ ने भागायचं. १६० केबीच्या एकतर्फी डिस्कला हेड १ पूर्ण वगळायचा. आधुनिक यंत्रावर दहा-बारा ओळींचा प्रोग्राम झाला, आणि तयार इमेज यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने लिहिता येते. ५.२५ इंची डिस्क लिहायला जो खटाटोप लागतो त्याच्या मानाने हे सुखच.

२६ मे

काही प्रोग्राम चालले. काही अर्ध्यावर लटकले, आणि लटकणाऱ्यांचं कारण एकच निघालं.

बायोस ७६५ ला वाचण्याची जी आज्ञा देतो ती ई६. तिच्यातला सगळ्यात वरचा बिट म्हणजे ‘एका बाजूचे सेक्टर संपले की दुसऱ्या बाजूवर जा’. सेक्टर संपले हे चिपला कसं कळतं? आज्ञेबरोबर शेवटच्या सेक्टरचा क्रमांक द्यावा लागतो. तो बायोस डिस्कच्या ११ बाइटी टेबलातून घेतो, इंटरप्ट १ई चा पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो ते टेबल. मूळ पीसीच्या टेबलात तिथे ८ आहे, डॉस २ नंतर ९ झाला, आणि माझ्या नव्या रॉमने १८ ठेवलाय.

आता एखादा प्रोग्राम ‘सेक्टर ५ पासून ८ सेक्टर’ मागतो, या भरवशावर की ८ व्यानंतर चिप आपोआप दुसऱ्या बाजूवर जाईल. टेबलात १८ असेल तर ती जात नाही. ९, १०, ११, १२ वाचते. तिथे माझी रिकामी भर आहे. प्रोग्राम ती भर कोड समजून चालवतो.

उपाय रिकाम्या खोल्यांतच सापडला. पहिल्या ट्रॅकचे १० ते १८ सेक्टर मोकळे आहेत. मूळ बूट सेक्टर तिथे दहाव्या जागी हलवला आणि पहिल्या जागी माझा छोटा लोडर ठेवला. तो स्वतःला ७सी०० वरून बाजूला हलवतो, दहावा सेक्टर ७सी०० वर वाचतो, मग टेबलाची प्रत ०:५२२ या पत्त्यावर करतो (डॉसही आपलं टेबल तिथेच ठेवतो), तीत शेवटच्या सेक्टरच्या जागी ८ किंवा ९ लिहितो, इंटरप्ट १ई तिकडे वळवतो आणि उडी मारतो. क्रम महत्त्वाचा. टेबल आधी बदललं तर दहावा सेक्टर चिपच्या लेखी ट्रॅकबाहेर जातो.

टेबलात गॅपचाही आकडा असतो. जुन्या प्रोग्रामांचा २ए, म्हणजे ४२ बाइट; १.४४ साठी १बी द्यायचा असतो. वाचताना त्याने अडवलं नाही. १.४४ च्या फॉरमॅटमध्ये दोन सेक्टरांमधली मोकळी जागा १०८ बाइटांची असते, ४२ त्यात सहज मावतात.

लटकणारे बहुतेक प्रोग्राम आता चालतात.

२७ मे

न चालणारे दोन प्रकारचे.

एक, कॉपी-संरक्षण असलेले. त्यांच्या डिस्कवर एखाद्या ट्रॅकला मुद्दाम १० सेक्टर, किंवा भलत्याच आकाराचे, किंवा जाणूनबुजून चुकीची चेकबेरीज असलेले सेक्टर असतात, आणि ते तसे सापडले नाहीत तर प्रोग्राम पुढे जात नाही. १८ चांगल्या सेक्टरांच्या ट्रॅकवर ‘वाईट’ सेक्टर कुठून आणायचा? कोडात घुसून तपासणी उडवता येते, पण मग तो मूळ प्रोग्राम राहत नाही. हे आपापल्या ५.२५ इंची डिस्कवरच राहतील. बी ड्राइव्ह त्यासाठी जपलाय. ते ए वर सापडावे लागतात तेव्हा केबलची टोकं बदलतो.

दोन, बायोसला वगळून थेट ३एफ५ पोर्टवरून चिपशी बोलणारे. त्यांना माझं टेबल दिसतच नाही, पण ते शेवटचा सेक्टर स्वतः ठरवतात, म्हणून पुष्कळदा उलट बरंच चालतं. एक गोष्ट बदलते ती काळाची. चिपला ५०० किलोबिटला दुप्पट घड्याळ मिळतं, त्यामुळे स्टेपसाठी दिलेला ‘सी’ हा आकडा २५० ला ८ मिलिसेकंद होतो, इथे ४. ३.५ इंची ड्राइव्ह ३ मध्ये पाऊल टाकतो, म्हणून ४ चालतात. हेड ७७ च्या पुढे कधी जात नसल्यामुळे त्या ७७ पावलांचा प्रश्नही इथे येत नाही. हे प्रोग्राम ४० ट्रॅकांपलीकडचं जग जाणत नाहीत.

२ जून

डिस्कवर ४० ते ७९ ट्रॅक पूर्ण मोकळे आहेत, आणि ० ते ३९ वर अर्धे सेक्टर मोकळे. म्हणजे १.४४ च्या एका डिस्कमध्ये ३६० केबीच्या चार डिस्क बरोब्बर बसतात: खालचे ट्रॅक-खालचे सेक्टर, खालचे ट्रॅक-वरचे सेक्टर, आणि तसेच वरच्या ट्रॅकांवर. चार गुणिले ३६० म्हणजे १,४४०. हे दिसल्यावर स्वस्थ बसवेना.

पहिला चतुर्थांश मेनूला दिला. मेनूत प्रोग्राम निवडला की इंटरप्ट १३ वर एक छोटा हूक (मागणी वाटेत अडवून बदलणारा कोड) बसतो. ड्राइव्ह ए साठी वाचन, लेखन आणि पडताळणी या तीनच कामांत तो ट्रॅकच्या आकड्यात ४० किंवा सेक्टरच्या आकड्यात ९ मिळवून मागणी रॉमकडे पुढे पाठवतो. फॉरमॅटची मागणी तो नाकारतो. नाहीतर एखाद्या प्रोग्रामने ‘डेटा डिस्क तयार कर’ म्हटलं की शेजारचा चतुर्थांश गेलाच. हूक मेमरीच्या वरच्या टोकाला राहतो. त्यासाठी ४०:१३ वरचा मेमरीचा आकडा ६४० वरून ६३९ केला. या प्रोग्रामांच्या काळात १२८ केबी म्हणजे चैन होती, त्यांना वरच्या टोकाला जायचं कारणच नाही.

ट्रॅकमध्ये ४० मिळवणं निर्वेध चालतं. सेक्टरमध्ये ९ मिळवणं दगा देतं, आणि दोष चिपच्या स्वभावात आहे. शेवटचा सेक्टर १८ सांगितला की १८ नंतर ती दुसऱ्या बाजूच्या पहिल्या सेक्टरवर जाते, दहाव्यावर नाही. बाजू ओलांडून वाचणारा प्रोग्राम तिथे शेजाऱ्याचा मजकूर उचलतो.

५ जून

हूकमध्ये मागणीचे तुकडे करायचा कोड लिहिला: मागणी बाजूच्या टोकापलीकडे जात असेल तर पहिला तुकडा टोकापर्यंत, दुसरा हेड बदलून सेक्टर १० पासून, आणि बफरचा पत्ता दरम्यान पुढे सरकवायचा. परत येताना प्रोसेसरच्या एएल या रजिस्टरमध्ये एकूण वाचलेल्या सेक्टरांची संख्या द्यावी लागते. काही प्रोग्राम ती तपासतात आणि फक्त दुसऱ्या तुकड्याची संख्या दिसली तर चूक समजून पुन्हा पहिल्यापासून वाचतात. हे सांभाळल्यावर चारही चतुर्थांश वापरण्याजोगे झाले.

ध्यानात ठेवायचं: डीएमए ६४ केबीची सीमा ओलांडू शकत नाही. तुकडे केल्यामुळे मूळ मागणीत सीमा ओलांडली जात असेल तर ती चूक कधी कधी नाहीशी होते आणि प्रोग्राम मूळ यंत्रापेक्षा इथे जास्त चांगला चालतो. तक्रार नाही, पण मूळ वागणूक तपासायची असेल तर ५.२५ ची डिस्कच प्रमाण.

८ जून

आजची स्थिती. कामाची एक १.४४ डिस्क: डॉस ३.३, वर्डस्टार, टर्बो पास्कल, मजकूर. मेनूच्या डिस्का, दर डिस्कवर तीन बूट होणारे प्रोग्राम. खेळाचे गुण डिस्कवर लिहिणारे सोडून बाकी सगळ्यांना लेखनबंदीची खिट्टी सरकवली. थेट पोर्टशी बोलणाऱ्यांना हूक लागू पडत नाही, म्हणून त्यांना स्वतंत्र डिस्क, पहिल्या चतुर्थांशात, मेनूशिवाय.

राहिलेलं: लोडर बूट सेक्टराच्या जागी बसतो, त्यामुळे स्वतःचा पहिला सेक्टर पुन्हा वाचून बेरीज तपासणारा प्रोग्राम आला तर तो रुसणार. हूकनेच ट्रॅक ०, हेड ०, सेक्टर १ ची मागणी दहाव्याकडे वळवायची, एवढंच करायचं आहे. कोडात त्यासाठी १९ बाइट शिल्लक आहेत.